चौथी मोजणी

२ सप्टेंबर

झाले एकदाची रुजू! विभागाच्या दारावर ‘भूगोल व पर्यावरण’ अशी पाटी आहे, त्यातला ‘व’ कधीचा गळून पडलाय आणि कोणाला पत्ताच नाही. मला स्वतंत्र खोली दिली. कालपर्यंत ती नकाशांची अडगळ होती, अजूनही आहेच. तिन्ही भिंतींना रुंद, चपटे खण. ते उघडायचे तर आधी माझी खुर्ची बाहेर न्यावी लागते. कपाटावर पृथ्वीचा एक प्लास्टिकचा गोल, कोणीतरी त्यावर बसल्यासारखा दक्षिण बाजूने चेपलेला. पण खोलीला दार आहे, दाराला किल्ली आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. ताईला फोन करून हे आधी सांगितलं. ती म्हणाली, खिडकी आहे का ते सांग, तुला कोंदट जागेत डोकं दुखतं. आहे, म्हटलं. खिडकीतून थेट तळं दिसतं.

तळं म्हणजे जुनी दगडखाण. खोदता खोदता खाली पाणी लागलं, काम बंद पडलं, पाणी भरत गेलं. तीन बाजूंना उभे कडे, चौथ्या बाजूला उतार, तिथे विभागाच्या होड्या. या तळ्याच्या तळाचा नकाशा करायचा, दरवर्षी किती भरत चाललंय ते काढायचं, हे माझं काम. याच कामासाठी मी जुनी नोकरी सोडून आले. मजा येणार आहे.

विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे सरासरी सर म्हणतात. हे मला पहिल्या तासातच कळलं आणि का ते दुसऱ्या तासात. कॅन्टीनचा चहा कसा असतो विचारलं तर म्हणाले, साधारणपणे बरा असतो. माणूस चांगला आहे, आवाज चढवत नाही, खुर्ची पुढे करतो. शेजारच्या खोलीत शेवाळेबाई. हे आडनाव नव्हे, त्यांचा सगळा जन्म शेवाळाचा अभ्यास करण्यात गेला म्हणून. टेबलावर हिरव्या बाटल्यांची रांग. त्या माझ्याशी अर्धा तास बोलल्या आणि त्यात एकदाही माझं लग्न निघालं नाही, म्हणजे बाई लाखात एक.

आणि ढब्बू! ताईची लेक यंदा इथेच पहिल्या वर्षाला लागलीय, माझ्याकडेच राहणार. लहानपणी गोल गरगरीत होती म्हणून ढब्बू. आता काठीसारखी उंच झाली, नाव तेच राहिलं. घरी मावशी, विभागात मॅडम, असं ठरलं होतं. दुपारीच बाईसाहेबांनी अख्ख्या वर्गासमोर ‘मावशी, डबा!’ म्हणून आरोळी ठोकली.

५ सप्टेंबर

आज पहिल्यांदा पाण्यावर. मी वल्ही मारली, शेवाळेबाई मागे बाटल्या घेऊन. बाकी जगाने यंत्रं घेतली. आमच्याकडे अजून दोर आणि शिशाचं वजन. मला हेच आवडतं. यंत्र आकडा दाखवतं, दोराने तळ हाताला कळतो. वजन टेकलं की दोर एकदम सैल पडतो, त्या क्षणी पाण्याशी असलेली रंगीत खूण वाचायची. पाण्यावर ठिकठिकाणी नांगरलेले नारिंगी गोळे आहेत, दर वेळी त्यांच्याशीच मोजायचं.

विभागाची रीत अशी: प्रत्येक गोळ्याशी दोर तीनदा टाकायचा. दोन आकडे जुळले आणि तिसरा फटकून असला तर तो सोडायचा, जुळलेल्यांची सरासरी धरायची. मग पुढचा गोळा. सगळीकडे असंच करतात, मीही आजवर असंच केलंय.

गंमत एवढीच की आज प्रत्येक ठिकाणी तिसरा आकडा फटकून आला. दर वेळी कमीच, चांगला दोन-अडीच हातांनी. पहिल्या दिवशी हात बसायला वेळ लागतो, असं मी म्हटलं. शेवाळेबाई म्हणाल्या, इथे सगळ्यांचंच असं होतं, सोडून द्या.

घरी येऊन आम्ही दोघींनी पुलाव केला, तो खालून लागला. ढब्बूने खरवडून खाल्ला आणि वर म्हणाली, करपलेलाच चांगला लागतो.

९ सप्टेंबर

सरांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. अहो, तिसरा नेहमीच कमी येतो, म्हणाले. दोर भिजून आखडतो, शिवाय तोवर हात थकतो. म्हणून तर रीत घालून दिली.

मी दोर बादलीत भिजवून ठेवला. आखडायचं सोडा, बोटभर वाढला. मग एका गोळ्याशी जाऊन पहिल्यांदाच भिजलेला दोर टाकला. पहिला आकडा पूर्ण, दुसरा पूर्ण, तिसरा कमी. पुढच्या गोळ्याला पुन्हा तेच. हात थकला म्हणावं तर पुढच्या गोळ्याशी पोचल्यावर तो ताजातवाना कसा होतो?

माझ्या नाकावर राग असतो असं आई म्हणायची. असू दे. चूक असेल तर ती कधी इकडे जाईल, कधी तिकडे. दर वेळी एकाच अंगाला होत असेल तर ती चूक नव्हे. एवढं तर पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो आपण! आणि इतकी वर्षं इतकी शिकलेली माणसं तिसरा आकडा खोडून घरी जेवायला जातायत.

१२ सप्टेंबर

आज चौथी मोजणी घेतली.

मधल्या गोळ्याशी होतो. लख्ख ऊन, वारा नाही. तिसरा आकडा नेहमीप्रमाणे कमी. शेवाळेबाई चला म्हणाल्या, त्यांचा तास होता. एकच मिनिट म्हणून मी पुन्हा दोर सोडला.

निम्म्यावरच सैल पडला.

मला आधी वाटलं गुंता झाला. ओढून घेतला, गुंता नाही. पाचव्यांदा सोडला. या खेपेला वजन इतकं वर थांबलं की ते मला दिसत होतं. पाणी तिथवर स्वच्छ असतं. शिशाचं वजन आडवं पडलं होतं, टेबलावर ठेवल्यासारखं, आणि त्याच्या खाली नुसतं काळं पाणी. दगड नाही, गाळ नाही, काही नाही. शेवाळेबाईंनीही वाकून पाहिलं. त्यांच्या हातातली बाटली पाण्यात पडली, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.

मग दोराला हलकी ओढ बसली. एकदाच. कापड घेताना आपण दोन बोटांत धरून पाहतो ना, तशी.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त संताप आला. माझा दोर! मी दोन्ही हातांनी हिसडा मारला आणि तोंडाला येईल ते बोलले, विभागात उच्चारता येणार नाही असं. वजन सुटलं. आम्ही अशी वल्ही मारली की काठाला होडीचं नाक फुटलं.

१३ सप्टेंबर

सरांपुढे दोघी गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, तरंगता गाळ असेल, प्रकाशाचा भास असेल. शेवाळेबाईंनी सांगितलं की त्या इतकी वर्षं तिथला गाळ काढतायत आणि तो सगळा मिळून चार बोटं जाड नाही. सर म्हणाले, साधारणपणे.

मी विचारलं, आजवर तळ्यात काही झालंय का. काही नाही, म्हणाले, म्हणून तर यंदाच्या अभ्यासक्रमात पाण्यावरचं प्रात्यक्षिक घेतलंय, अठ्ठावीस तारखेला. पहिलं वर्ष. एकेका होडीत सहा मुलं, एकेक गोळा वाटून दिलेला. प्रत्येकाला अनुभव मिळावा म्हणून प्रत्येकाने एकदा दोर टाकायचा. सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला त्यांची दया आली.

एका गोळ्याशी सहा मुलं. म्हणजे सहा मोजण्या, एकाच जागी.

काही झालं नाही, कारण तिसऱ्यानंतर कोणी थांबलंच नाही.

त्या वर्गात आमची ढब्बू आहे.

१५ सप्टेंबर

माझ्या जागी आधी जे होते, त्यांचा नंबर शेवाळेबाईंनी दिला. ते अचानक राजीनामा देऊन गेले, घरगुती कारण म्हणून. फोनवर आधी अगदी मोकळे बोलले. उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, निबंध तपासून देतात, आता भूगोलाकडे वळूनसुद्धा पाहत नाही म्हणाले.

मी तिसऱ्या आकड्याचं काढलं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, बाई, तीनच घ्या. तीनपर्यंत ते नुसतं उत्सुक असतं.

मी म्हटलं, मी पाच घेतल्या.

मग त्यांनी विचारलं की घरी टाकी आहे का, मोठी भांडी भरून ठेवता का. आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला. नंतर उचलला नाही. भित्रा! एवढं माहीत असून एका ओळीची चिठ्ठी ठेवायला काय झालं होतं? मी फोनलाच चार शिव्या हासडल्या.

१७ सप्टेंबर

सकाळी आंघोळीला बादली भरली. तांब्या बुडवला आणि तो अर्ध्या बादलीतच ठक्कन आपटला.

मी आत पाहिलं. तळाची निळी गोल नक्षी स्वच्छ दिसत होती, तिथेच, खाली. तांब्या मात्र अर्ध्यावर टेकलेला. हात घातला. हाताला लागलं. गार, सपाट, किंचित खडबडीत. खाणीतला दगड असतो तसं.

किंचाळले नाही. ढब्बू बाहेर केस विंचरत होती. बादली उचलली आणि सगळं पाणी मोरीत ओतून दिलं. रिकामी बादली रिकामीच होती. ती उलटी करून तिच्यावर जरा वेळ बसले. मग नळाखाली आंघोळ केली. माझ्या घरात घुसून मला बिनआंघोळीची ठेवणार? काय बिशाद.

ढब्बूला सांगितलं, आजपासून घरात पाणी साठवायचं नाही. तिने कारण विचारलं. डास, म्हटलं.

१९ सप्टेंबर

आता रडत बसण्यापेक्षा अभ्यास केलेला बरा. अभ्यासच तर येतो आपल्याला.

विभागाच्या अंगणात भूजलाची पातळी मोजायची नळी आहे, खोल गेलेली. शेवाळेबाईंनी तिच्यात दोर सोडला, पूर्ण खोली. दुसऱ्यांदाही पूर्ण. मी सोडला, पहिल्याच खेपेला हातभरावर अडला. त्यांनी सोडला, पूर्ण. मी, हातभर. तळं तिथे, नळी इथे, मध्ये अख्खी इमारत.

म्हणजे ते आता माझ्याकडे येतं. वाट न पाहता, आधी माझ्याकडे.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. मी म्हटलं, थांबा, याचा उपयोग होईल. जे माझ्याखाली आहे ते त्याच वेळी दुसरीकडे कसं असेल? दुपारी दोन होड्या काढल्या. बाईंची कमाल! गुडघे दुखतात, भीतीने ओठ सुकलेत, तरी एकट्या बसल्या आणि पार टोकाच्या गोळ्याशी गेल्या. मी मधल्याशी. मी सारखा दोर टाकत राहिले, त्या तिकडे रीतीप्रमाणे तीनदा मोजत होत्या.

त्यांची तिसरी मोजणी पूर्ण आली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तिकडून दोन्ही हात वर केले. माझ्याकडे वजन पाण्याखाली वीतभरावर पडलं होतं, आणि मी हसत होते.

परत फिरायला वल्हं मारलं, ते दगडाला घासलं. घासत घासतच आले.

२२ सप्टेंबर

सरांना लेखी दिलं: प्रात्यक्षिक रद्द करा. त्यांनी मला बसवून पाणी दिलं. मी पेल्याकडे पाहिलं आणि नको म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही हुशार आहात, पण नवीन जागी ताण येतो, चार दिवस रजा घ्या. मी म्हटलं, अंगणात चला, नळीत दोर सोडून दाखवते. आले बिचारे. पाहिलं. मग म्हणाले, नळी मध्ये बुजली असेल.

शेवाळेबाईंनी त्यांच्या हातात दोर दिला. त्यांचा पूर्ण गेला. माझा हातभर. त्यांनी दोन्हींची बेरीज करून निम्मे केले. देवाशपथ! माझ्यासमोर उभ्या उभ्या निम्मे केले.

रागाच्या भरात सगळी वजनं नि सगळे दोर माझ्या खोलीत कुलपात टाकले. बसा आता!

२३ सप्टेंबर

त्यांनी शेजारच्या बांधकाम विभागातून नवे दोर, नवी वजनं मागवली. दुपारपर्यंत आलीसुद्धा. या इमारतीत साधा बल्ब बदलायला महिना लागतो.

२४ सप्टेंबर

आज वर्गात सरळ सांगितलं. काही आडपडदा ठेवला नाही. दोर टाकू नका, होडीत बसू नका. मुलांनी डोळे विस्फारून ऐकलं. मग मागच्या बाकावरून टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, मी तळ्याची गोष्ट रंगवून सांगितली. एकाने विचारलं, मॅडम, पुढे काय होतं?

आता ते सगळे हौसेने जाणार. माझ्याच तोंडाने हौस वाढवली. मला वाईट मार्गाने समजावता येत नाही आणि चांगल्या मार्गाने कोणी ऐकत नाही.

हल्ली हात धुतानाही ओंजळ भरत नाही. ओंजळीतसुद्धा काहीतरी टेकतं.

२६ सप्टेंबर

ढब्बूला म्हटलं, अठ्ठावीसला आजारी पड. तिने विचारलं, खरं आहे ना सगळं? मी हो म्हटलं. खोटं बोलवेना.

तिने माझा वाटीत घातलेला हात पाहिला. वरणाची वाटी काठोकाठ, माझं बोट पेराएवढंसुद्धा बुडत नव्हतं. ती उठून बाहेर गेली. आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, मी एकटी घरी बसू? आणि बाकीच्यांचं काय? माझ्या होडीत माझी मैत्रीण आहे, तिला पोहतासुद्धा येत नाही.

मी चिडले. मी ताईला काय तोंड दाखवू म्हटलं. ती म्हणाली, मी तुझीच भाची आहे.

एवढी मोठी कधी झाली ही? मी पुन्हा चिडले.

मग दोघी जेवलो. कोरडी भाजी-पोळी.

२७ सप्टेंबर

ठरलं. बाईंना सांगितलं. आधी नाही म्हणाल्या, मग रडल्या, मग कामाला लागल्या.

मी सगळ्यांच्या आधी पाण्यावर. मधल्या गोळ्याशी. मुलं होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत मी दोर टाकत राहणार, थांबायचं नाही. ते माझ्याखाली राहील. माझ्या होडीला लांब दोरखंड, त्याचं टोक बाईंकडे, काठावरच्या खुंटीला. झालं की ओढून घ्यायचं. ढब्बू सगळ्यांत शेवटी होडीतून उतरेल, सगळ्यांना मोजेल. सगळे उतरले की ती हात वर करील.

ही वही जलरोधक पिशवीत, गळ्यात. टाकणं आणि लिहिणं. आकडे कोणीतरी ठेवायला हवेत. सगळे आकडे. एकही सोडायचा नाही.

ताईला फोन केला. भाजी काय केली वगैरे बोललो. ठेवताना ती म्हणाली, आवाज बारीक का गं? म्हटलं, घसा.

मी मरायला जात नाहीये. हे लिहून ठेवते. मी मोजायला जातेय.

२८ सप्टेंबर

पोचले. ऊन छान. गोळ्याला होडी बांधली. काठावर मुलांचा गलका, लाल-पिवळी जाकिटं. सर शिट्टी वाजवतायत.

पहिली मोजणी: दोन हात. लगेच आलं. ये बाई, ये.

मुलांच्या होड्या सुटल्या. टाकतेय. दीड हात.

मुलांचे दोर पडताना ऐकू येतायत. एकेक जण ओरडून आकडा सांगतोय. पूर्ण. पूर्ण. पलीकडचा तिसरा मुलगा— पूर्ण! चालतंय! ऐकलंस का, चालतंय!

वीतभर.

वजन आता नुसतं पाण्यात ठेवावं लागतं. सोडावं लागत नाही.

होडीला खालून लागलं. हळूच. ओढ नाही, धक्का नाही. टेकलं फक्त.

चौथ्या नंबरची मुलं टाकतायत. पूर्ण. ढब्बूच्या होडीतूनही— पूर्ण म्हणाली, तिचाच आवाज.

टाकते. बोटभर.

काठ खाली गेला का? नाही. मी वर आलेय. पाण्याची रेघ होडीच्या बुडाशी दिसतेय, मघाशी कडेला होती. गोळा खाली राहिला. होडी कोरडी होतेय. बूड निथळतंय, टपटप ऐकू येतं.

हाताने चाचपलं. दगड. खडबडीत. आणि आत कुठेतरी धड— नाही. लिहीत नाही ते. आकडा: शून्य.

सरांनी पाहिलं! शिट्टी. शिट्टीवर शिट्टी. परत फिरा म्हणून ओरडतायत. सर गुडघाभर पाण्यात धावले, बूट, पँट, सगळं. स्वतः होड्या ओढून घेतायत. चला. आज नाही केली सरासरी.

थांबले तर ते वळेल. थांबले नाही. शून्य. शून्य.

बाई दोरखंड ओढतायत. ताणलाय. होडी हलत नाही. ओढू नका बाई, तुमचे गुडघे—

एक होडी लागली. दुसरी. पोरं वळून वळून बघतायत, चला ना रे, उतरा!

वल्हं पाण्याला पोचत नाही. वाकून पाहिलं, पाणी खाली आहे, पुरुषभर खाली. चारी बाजूंनी ओला काळा दगड, आणि त्याच्या कडा— वर वळतायत. हळू. मूठ मिटताना वळतात तशा.

भीती वाटतेय. हो, वाटतेय. म्हणून काय झालं.

टाकते. वजन दगडावर वाजलं. दोर तरी सुटतोय. खाली नाही. वर. हातातून वर—

ओढला परत. दोर माझा.

शेवटची होडी. मैत्रीण उतरली. ढब्बू उतरली. मोजतेय ती सगळ्यांना. नीट मोज. पुन्हा मोज—

हात वर! सगळे! सगळेच्या सगळे!

आता ऐक तू. झाली माझी मोजणी, तुझी उंची किती, रुंदी किती, सगळं लिहिलंय, पिशवी शेवटी काठाकडे फेकणार, आता ते खोडायची कोणाची—

कडा डोक्यावर आल्या. थोडं आभाळ आहे अजून. टाकते. मी अजून मोज